श्रोत्यांचे रामायण

गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या गणपतीपुढे संध्याकाळी पंचवीस-तीस मंडळी जमली होती. आरती आता कोणी म्हणत नाही, ‘लावतात’. त्याप्रमाणे सेक्रेटरींच्या चिरंजीवांनी आपला मोबाइल स्पीकरला जोडला आणि झांजा-मृदंगांसह आरती सुरू झाली. आम्हीही टाळ्या वाजवू लागलो. दुसरे कडवे अर्ध्यावर आले आणि एकाएकी देवाच्या जागी दंतमंजन अवतरले! टाळ्या थांबल्या. निरांजन ओवाळणारा हात अधांतरी राहिला. सगळे हात जोडून, मोठ्या आदराने, जाहिरात संपण्याची वाट पाहू लागले.

थांबल्या नाहीत त्या एकट्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्या आपल्या चिरक्या आवाजात पुढे म्हणतच होत्या. त्यांचा नातू कुजबुजला, “आजी, थांब ना जरा, जाहिरात चालली आहे.” आजींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. जाहिरात संपली तेव्हा आजी तिसऱ्या कडव्यात होत्या आणि यंत्र दुसऱ्यातच. मग दोन आरत्या एकदम चालू लागल्या आणि मंडळींनी टाळ्या धरल्या त्या यंत्राच्या. मीही.

घरी आल्यावर मला हसू आले. पण थोड्या वेळाने ते मावळले. आरती मधेच तुटल्यावर आजींच्या सुरात सूर मिळवण्याऐवजी मी का थांबलो? उत्तर सोपे होते आणि लाजिरवाणे होते. पुढचे कडवे मला नीट येत नव्हते.

त्या रात्री मी कपाटातून आईची वही काढली. तीत ‘गीतरामायणा’ची गीते तिच्या गोल अक्षरात उतरलेली आहेत. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना केंद्रातल्या सीताकांत लाडांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत लागे आणि शनिवारी-रविवारी तेच पुन्हा ऐकवीत. वर्षभराचा संकल्प होता. त्यात अधिक मास आला आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत गीते ५६ झाली. लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. परंतु हार-उदबत्तीपेक्षा मला आईची वही महत्त्वाची वाटते. गीतांचे शब्द वृत्तपत्रांतून छापून येत. ती ते उतरून घेई आणि आठवडाभर भाकऱ्या थापताना म्हणे. रेडिओ पाव तास बोले. उरलेला आठवडा तिचा असे.

गीतरामायणाच्या प्रासादिकतेविषयी, रागांच्या योजनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या बांधणीतली एक गोष्ट मात्र मला अधिकाधिक अर्थपूर्ण वाटू लागली आहे. या काव्याची सुरुवात रामजन्मापासून होत नाही. ती रामाच्या ऐकण्यापासून होते. कुश आणि लव रामासमोर रामायण गात आहेत. म्हणजे कथेचा नायक हाच कथेचा पहिला श्रोता! गाणे ऐकता ऐकता तो आसन सोडून उठतो, मुलांना कवटाळतो; आणि बाप-लेकांची ही भेट होऊनही दोघांनाही ती ठाऊक नसते. पहिल्याच गीतात माडगूळकरांनी केवढे कारुण्य साठवले आहे! पुढे दशरथ, कौसल्या, सीता, भरत अशी पात्रे आपापल्या तोंडाने बोलतात. आणि शेवटी? शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या दोन मुलांना सांगतात, जा, हे रामायण गा. जिथे काव्य संपते तिथूनच त्याचा आरंभ होतो. हे वर्तुळ बंद आहे असे वाटते. पण ते बंद नाही. ‘गा’ हा शेवटचा आदेश मुलांना आहे, तसाच तो रेडिओपाशी बसलेल्यांनाही आहे. आईने तो पाळला.

आता कोणी म्हणेल, हा जुन्या काळाचा नेहमीचा उमाळा झाला. तो काळ धंद्यापासून मुक्त होता काय? मुळीच नव्हता. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना चित्रपटसंगीताचे वावडे. आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींचा मधाळ आवाज आणि मागे उभे दंतमंजन! तेव्हा आमच्या गणपतीपुढे प्रकटलेले दंतमंजन काही कुळशीलावाचून आलेले नाही. पुढे सरकारलाही शहाणपण सुचले. १९५७ साली ‘विविध भारती’ आली आणि १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही आल्या. शिवाय माडगूळकर आणि फडके हे काही वल्कले नेसलेले ऋषी नव्हते. दोघेही चित्रपटाच्या धंद्यात मुरलेले. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रसंगाला साजेसे गीत आणि चाल तयार ठेवण्याची सवय त्यांना त्या धंद्यानेच लावली. त्या सवयीवाचून आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते उभी राहिली असती, असे मला वाटत नाही. कलावंताने पैसा घेतला म्हणून भक्ती बाटत नाही.

मग बिघडते कुठे? वाल्मीकींच्या उत्तरकांडात एक प्रसंग आहे. मुलांचे गायन ऐकून प्रसन्न झालेला राम त्यांना १८,००० सुवर्णमुद्रा देऊ करतो. मुले म्हणतात, आम्ही वनात राहणारे, कंदमुळे खाणारे. आम्हाला सोने घेऊन काय करायचे? पूर्वी मला हा प्रसंग नुसता निःस्पृहतेचा धडा वाटे. आता वाटते, त्यात गाण्याचीही एक समज आहे. राजाने सोने दिले आणि मुलांनी घेतले की हिशोब पुरा होतो, ऐकणारा मोकळा. सोने नाकारले की ऐकणाऱ्यावर ऋण राहते. ते फेडायचे तर ऐकलेले पुढे न्यावे लागते.

आजचा व्यवहार नेमका उलट आहे. महिन्याची वर्गणी भरली की आरतीत जाहिरात येत नाही. न भरली तर आपले कान विकले जातात. दोन्ही प्रकारे हिशोब पुरा! २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली तेव्हा आमच्या गल्लीत पहाटेपासून रामाची गाणी वाजत होती. एका गाण्यामागून दुसरे आपोआप येई. त्यांत काही खरोखरच सुरेख होती. पण दिवसभरात माणसाच्या गळ्यातून आलेले एकही गाणे मी ऐकले नाही. यंत्राला आपण गावे अशी अपेक्षा नसते, आपण बंद करू नये एवढीच असते.

आणखी एक गंमत. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, ललिता फडके, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे अशी अनेक गळ्यांची दौलत होती. आज बहुतेकांच्या कानांत आहे ती फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका. तो आवाज शब्दाला जसा जपतो तसा दुसरा कुणाचाच जपत नाही, हे मी पैजेवर सांगेन. तरीही तो इतका पुरेपूर आहे की माझ्यासारख्याला तोंड उघडायचे धैर्य होत नाही. ध्वनिमुद्रिका घरी आली आणि आईच्या वहीनंतर आमच्या घरात दुसरी वही झाली नाही. यात दोष ना फडक्यांचा, ना कंपनीचा. तो माझा.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात आजी भेटल्या. मी म्हटले, “आजी, काल माझे कडवे चुकले. तेवढे लिहून द्याल का?”

त्या म्हणाल्या, “लिहून कशाला? संध्याकाळी माझ्या शेजारी उभे राहा.”