तीन डिश म्हणजे तीन रुग्ण नव्हेत

दुर्मिळ आजारांवरचा पेपर हातात आला की रंगीत ग्राफ नंतर बघा, आधी नमुने कुठून आणि किती घेतलेत तो परिच्छेद वाचा. असं का म्हणते आहे, ते हिरड्यांच्या एका आनुवंशिक आजारावरून सांगते.

आजाराचं नाव हेरेडिटरी जिंजायव्हल फायब्रोमॅटोसिस. यात हिरड्या हळूहळू जाड आणि घट्ट होत जातात. बहुतेकदा कायमचे दात येण्याच्या वयात सुरुवात होते, आणि कधी कधी दात हिरडीखाली पूर्ण झाकले जातात. मग चावणं, बोलणं, हसणं सगळंच अवघड. वाढलेली हिरडी कापून काढणं हा मुख्य उपाय, पण ती पुन्हा वाढू शकते. म्हणूनच पेशींच्या आत नक्की काय बिघडतं हे कळणं महत्त्वाचं.

2002 साली ब्राझीलमधल्या एका कुटुंबात एसओएस-1 या जनुकातला बदल सापडला. एक सायटोसिन जास्तीचं घुसल्यामुळे प्रथिन अपुरं बनतं, त्याचा शेवटचा भाग गळतो. आता तुम्ही म्हणाल, एकाच कुटुंबावरून एवढी खात्री कशी? कारण कुटुंबात माणसं अनेक होती. आजार असलेल्यांत बदल आहे आणि निरोगी नातलगांत नाही, हे प्रत्येक माणसागणिक तपासता येतं. शिवाय असा वारशाने आलेला बदल रक्तात शोधा की हिरडीत, तो तिथे असतोच.

जनुकाच्या अभिव्यक्तीचं तसं नाही. अभिव्यक्ती म्हणजे कुठलं जनुक किती जोरात चालू आहे. ते आपण त्याच्या आरएनएवरून मोजतो. ते प्रमाण वय, सूज, औषधं, पेशी किती दिवस डिशमध्ये वाढवल्या, या सगळ्यांनी बदलतं. इथे एका माणसाचा पुरावा फारच तोकडा पडतो. आणि माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

या आजारात हिरडीतल्या फायब्रोब्लास्ट पेशींचा अभ्यास करतात, कारण कोलॅजन त्याच बनवतात. काही अभ्यासांत कोलॅजन आणि टीजीएफ-बीटा-1 वाढलेलं, तर कोलॅजन तोडणारं एमएमपी-1 कमी झालेलं दिसलं. बनतं जास्त, तुटतं कमी, म्हणून हिरडी वाढते. गोष्ट पटण्यासारखी आहे. पण सगळे निकाल जुळत नाहीत: काही अभ्यासांत रुग्णाच्या पेशी वेगाने वाढतात, काहींत नाही.

समजा, एका रुग्णाच्या पेशी तीन डिशमध्ये वाढवल्या आणि ग्राफखाली लिहिलं, 'एन बरोबर 3'. एरर बार छोटासा, पी-व्हॅल्यू झकास. पण हे एकाच माणसाचा रक्तदाब तीनदा मोजून 'रुग्णांचा रक्तदाब वाढलेला असतो' म्हणण्यासारखं झालं! तीन डिशवरून आपलं मोजमाप किती स्थिर आहे ते कळतं, आजाराबद्दल काही कळत नाही. त्यात माणसाची सुमारे 20,000 प्रथिनं बनवणारी जनुकं एकदम तपासली आणि 0.05 ची साधी रेघ ओढली, तर खरा फरक नसतानाही साधारण 1,000 जनुकं 'बदललेली' दिसतील.

तुलनेचा नमुनाही बघा. निरोगी हिरडी बऱ्याचदा दुसऱ्या कारणाने झालेल्या दाताच्या शस्त्रक्रियेतून मिळते. रुग्ण बारा वर्षांचा आणि कंट्रोल पस्तिशीचा असेल, तर दिसलेला फरक आजाराचा की वयाचा? शिवाय 2017 मध्ये आरईएसटी या दुसऱ्याच जनुकातले बदलही काही कुटुंबांत या आजाराचं कारण म्हणून पुढे आले. तेव्हा रुग्णात कुठला बदल आहे हे न सांगता सगळ्यांना एकाच टोपलीत टाकणंही बरोबर नाही.

रुग्णच कमी असतात हे मला मान्य आहे. शंभर नमुने आणा, असं कुणी म्हणत नाही. पण त्याच कुटुंबातले दोन-तीन बाधित सदस्य, जवळच्या वयाचे कंट्रोल, डिशमधल्या पेशींबरोबर थेट ऊतीतली तपासणी, आरएनएसोबत प्रथिनाचं मोजमाप, एवढं तरी बघता येतं. निरोगी पेशींत तोच बदल घडवून, किंवा रुग्णाच्या पेशींतला बदल दुरुस्त करून परिणाम पाहिला, तर पुरावा कितीतरी पक्का होतो. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर निष्कर्षात सरळ लिहावं: 'एका रुग्णाच्या पेशींत असं दिसलं'. त्यात कमीपणा नाही.

हा शब्दच्छल नाही. 'टीजीएफ-बीटा वाढतं' हे वाक्य एकदा छापून आलं की पुढचा संशोधक ते अडवणाऱ्या औषधाचा विचार करू लागतो. पण जखम भरणं आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणं, ही कामंही तेच प्रथिन करतं. ते औषध उद्या दुसऱ्याच मुलावर वापरलं जाईल, त्या तीन डिशवर नव्हे. म्हणून 'एन' दिसला की विचारा: ही माणसं मोजली आहेत, की भांडी?