आज्ञेचा आकार, आज्ञेचे कारण

औंढा नागनाथची एक कथा मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. विसोबा खेचर देवळात पिंडीवर पाय ठेवून पडले आहेत. नामदेव त्यांना पाय काढायला सांगतात. विसोबा म्हणतात, मला उठवत नाही. जिथे पिंड नसेल तिथे माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेव पाय हलवतात, आणि जिथे ठेवावेत तिथे पिंड उभी राहते. परंपरेने या कथेत गुरूपदेश पाहिला आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखासाठी मात्र तिच्यातली दुसरी एक बाजू महत्त्वाची आहे. विसोबांची आज्ञा व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. कर्म, क्रियापद, स्थळ, अट, सारे जागच्या जागी आहे. तरीही ती पाळता येत नाही. आज्ञेचा आकार बरोबर असणे आणि आज्ञा पाळता येण्याजोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच औंढा तालुक्यात आज दुसऱ्या प्रकारच्या आज्ञांची तयारी चालू आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह बांधकामाला मंजुरी दिली. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे, असे हे यंत्र आहे. असली यंत्रे आणि त्यांच्या नोंदींचे विश्लेषण संगणकाला दिलेल्या लेखी आज्ञांवर चालते. त्या आज्ञा कुठल्या भाषेत लिहिल्या जातात, आणि त्या भाषेची समीक्षा साहित्याच्या अंगाने करता येते का, हा या लेखाचा विषय आहे.

संगणकाला आज्ञा देण्याची जुनी रीत म्हणजे पडद्यावर एक ओळ टाइप करणे. तिला कमांड लाइन म्हणतात. ओळीतला पहिला शब्द प्रोग्रामचे नाव. पुढे आज्ञा, आज्ञेच्या पोटात पोटआज्ञा, मग पर्याय आणि शेवटी ज्यावर क्रिया करायची ती वस्तू. प्रोग्राम मोठा झाला की आज्ञांचे झाड तयार होते. या झाडाला कोणत्या फांद्या आहेत, कुठला पर्याय ऐच्छिक, कुठला सक्तीचा, कोणते दोन पर्याय एकत्र येऊ शकत नाहीत, हे प्रोग्रामच्या बाहेर, स्वतंत्रपणे आणि काटेकोर लिहून ठेवण्यासाठी जी भाषा घडवली जाते ती आराखड्याची भाषा. ती आज्ञा देत नाही. कोणत्या आज्ञा देता येतील हे सांगते. व्याकरण वाक्य बोलत नाही, वाक्य कसे होऊ शकते ते सांगते, तसेच हे.

या लेखनप्रकाराचे मूळ युनिक्सच्या माहितीपुस्तिकेत आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केलेली तिची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ची. प्रत्येक आज्ञेच्या पानावर 'सिनॉप्सिस' नावाची एखाद-दुसरी ओळ असे: चौकटी कंसात असेल ते ऐच्छिक, तीन टिंबे असतील तर पुन्हा पुन्हा चालेल. ही ओळ माणसासाठी होती. यंत्राला ती कळत नसे, म्हणून तीच गोष्ट प्रोग्रामात पुन्हा लिहावी लागे. दोन ठिकाणी लिहिलेली गोष्ट कालांतराने दोन गोष्टी होतात. प्रोग्राम बदले, पान तसेच राही.

२०१२ साली व्लादिमिर केलेशेव यांनी 'डॉकऑप्ट'मध्ये यावर एक देखणा उपाय काढला. माणसासाठी लिहिलेला मदतीचा मजकूर हाच नियम. यंत्रानेही तोच वाचायचा. त्यांचे गाजलेले उदाहरण आरमारी खेळाचे आहे: जहाज नवे करा, जहाज अमुक ठिकाणी हलवा, सुरुंग लावा किंवा काढा, वेग ऐच्छिक. पाच-सहा ओळींत सारा खेळ उभा राहतो आणि त्या ओळी कोणालाही वाचता येतात. लाघव आणि प्रसाद हे दोन्ही गुण इथे आहेत. पण लाघवाची किंमतही आहे. टाइप केलेली ओळ नमुन्यात बसली नाही तर डॉकऑप्ट बहुतेक वेळा सगळा वापर-मजकूर पुन्हा छापते; चूक नेमकी कुठे झाली ते सांगत नाही. शिक्षकाने उत्तर चुकल्यावर धडाच पुन्हा वाचून दाखवावा, तसे हे आहे.

अलीकडचे 'ओपन-सीएलआय'सारखे मसुदे उलट टोकाला जातात. इथे गद्य नाही, खतावणी आहे. प्रत्येक आज्ञेचे नाव, वर्णन, पर्याय, पर्यायांची टोपणनावे आणि आज्ञेच्या पोटातल्या आज्ञा, असे रकाने एकात एक भरायचे. अशा आराखड्यावरून मदतीची पाने तयार करता येतात, अर्धवट टाइप केलेला शब्द पूर्ण करून देता येतो, दुसऱ्या प्रोग्रामलाही ही आज्ञा कशी वापरायची ते कळते. वरच्या आज्ञेपाशी जाहीर केलेला पर्याय खालच्या साऱ्या पोटआज्ञांना लागू होण्याची सोयही अशा रचनांत असते. पाणिनीच्या अष्टाध्यायीशी परिचय असलेल्याला इथे अनुवृत्ती आठवेल: आधीच्या सूत्रातले पद पुढच्या सूत्रांत न उच्चारता चालू राहते. सुमारे चार हजार सूत्रांचा तो ग्रंथ इतका आटोपशीर राहिला तो या युक्तीमुळेही. फरक असा की पाणिनीने दोन नियम एकमेकांवर आदळले तर कोणता चालेल याचाही नियम केला. आज्ञांच्या झाडात हा प्रश्न बहुधा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला असतो.

मराठी वाचकाला या झाडात एक ओळखीची गोष्टही सापडते. इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येते, कर्म नंतर. झाड खोल झाले की हा क्रम उलटतो. 'डॉकर' या प्रोग्रामने जानेवारी २०१७च्या आवृत्तीत आज्ञांची फेरमांडणी केली. आधी कंटेनर की इमेज ते म्हणायचे, मग यादी दाखव, काढून टाक वगैरे क्रिया. 'गिट रिमोट ॲड' हीसुद्धा त्याच घडणीची. वस्तू आधी, क्रियापद शेवटी, हा आपल्या वाक्याचा क्रम. वस्तूंनुसार वर्गवारी केली की क्रियापद आपोआप मागे जाते, एवढेच त्याचे कारण. पण ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याला ही आज्ञा परकी वाटायचे कारण नाही. परके आहेत ते शब्द.

आता दोषाकडे वळू. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'गिट'मध्ये 'चेकआउट' ही आज्ञा वर्षानुवर्षे दोन कामे करीत होती. एका रूपात ती कामाची शाखा बदलते. दुसऱ्या रूपात फाइलमधले न नोंदलेले बदल पुसून ती पूर्वस्थितीला नेते. पहिले काम निरुपद्रवी, दुसऱ्यात दिवसभराचे लेखन जाऊ शकते. आराखड्याच्या दृष्टीने दोन्ही रूपे सारखीच शुद्ध. अखेर ऑगस्ट २०१९च्या २.२३ आवृत्तीत 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन स्वतंत्र आज्ञा आल्या. ही दुरुस्ती व्याकरणाने सुचवलेली नव्हती. एका क्रियापदावर दोन अर्थ लादले आहेत, हे ओळखायला अर्थाची जाण लागते. हे समीक्षकाचे काम आहे आणि इथे ते प्रोग्रामरांनी केले.

आराखड्याच्या भाषेची मर्यादा यावरून दिसते. काय म्हणता येईल हे ती सांगते. केव्हा म्हणावे आणि का म्हणावे, यासाठी तिच्यात रकाना नाही. आपल्या भाषेतल्या आज्ञावाङ्मयाशी तुलना केली की ही उणीव अधिक जाणवते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी सांगताना आंबे-फणसाची झाडे तोडू नयेत असे बजावले आहे. पण आज्ञा तिथे थांबत नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही, असे कारण पाठोपाठ येते. झाड जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, असा अपवादही येतो. आज्ञा, कारण आणि अपवाद हे तिन्ही एकाच परिच्छेदात आहेत. म्हणून ज्याला ती पाळायची आहे तो न सांगितलेल्या प्रसंगीही काय करावे ते ठरवू शकतो.

'केव्हा' या प्रश्नाला उत्तर देणारी एक रचना लायगोच्याच घरात आहे. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांच्या स्वयंचलनासाठी 'गार्डियन' ही प्रणाली वापरली जाते. जेम्सन रॉलिन्स यांनी २०१६ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. यंत्राच्या प्रत्येक भागावर एक स्वतंत्र रखवालदार, त्यांच्यावर वरिष्ठ रखवालदार, अशी ही उतरंड आहे. प्रत्येकाला आपल्या भागाच्या अवस्था आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या वाटा पायथॉन भाषेत लिहून दिलेल्या असतात. चालकाने इच्छित अवस्था मागायची. तिथवरची वाट रखवालदार शोधतो. आरशांमधला प्रकाश स्थिर धरण्याची अवस्था मोडली, तर कुठे परतायचे हेही ठरलेले असते. या मागण्याला गार्डियनच्या परिभाषेत आज्ञा नव्हे, 'रिक्वेस्ट' म्हणजे विनंती असा शब्द आहे. तो मला अचूक वाटतो. ज्याला आपली सद्यःस्थिती ठाऊक आहे त्यालाच विनंती करता येते. विसोबांच्या आज्ञेत जे अडले ते इथे आराखड्यातच लिहिलेले आहे: या अवस्थेतून त्या अवस्थेत वाट आहे की नाही. मात्र 'का' याचे उत्तर गार्डियनही देत नाही. ते सोबतच्या टिपणांत, नोंदवह्यांत आणि माणसांच्या डोक्यात राहते.

इथे मराठीचा प्रश्न येतो, आणि तो शोभेचा नाही. आराखडा प्रोग्रामबाहेर लिहिला की वर्णनाचा रकाना कोणत्याही भाषेत भरता येतो. आज्ञेचे नाव तेच राहते, समज मराठीत देता येते. पण मराठीत लिहू लागताच इंग्रजीने झाकून ठेवलेला प्रश्न उघडा पडतो. इंग्रजी मदतीत 'शो' एवढेच असते. माणूस यंत्राला सांगतो आहे, की पुस्तक माणसाला सांगते आहे, की आज्ञा स्वतःचे काम वर्णन करते आहे, हे ठरवावे लागत नाही. मराठीत 'दाखव', 'दाखवा', 'दाखवावे', 'दाखवते' यांतून निवड करावीच लागते. आपल्या पडद्यांवर सर्रास 'जतन करा', 'हटवा' असे असते. तिथे यंत्राला अहो-जाहो होते आहे की वापरणाऱ्याला हुकूम, हे कोणी विचारलेले नाही. माझे मत असे की वर्णनाच्या रकान्यात 'दाखवते', 'पुसते' हे साधे वर्तमानकाळी रूप असावे, कारण ते आज्ञेचा परिणाम सांगते. आणि जिथे नुकसान होऊ शकते तिथे विध्यर्थ यावा: 'नोंद केल्याशिवाय वापरू नये', आणि लगेच पुढे कारण. 'करावे', 'करू नये' हे रूप आपल्या दफ्तरी गद्याने शतकानुशतके वापरले आहे. ते कुणाला हिणवत नाही आणि कुणाची मनधरणीही करत नाही.

औंढ्याच्या यंत्रापाशी उद्या जे तंत्रज्ञ बसतील त्यांत हिंगोली, परभणी, नांदेडची मुलेमुली असावीत, ही अपेक्षा रास्त आहे. आज्ञांची नावे त्यांना इंग्रजीतच पाठ करावी लागतील आणि ती ते करतील. पाठांतर या भागाला नवे नाही. पण नाव पाठ असलेला माणूस आज्ञा देऊ शकतो, कारण कळलेला माणूस आज्ञा द्यायची थांबवूही शकतो. आराखड्यात कारणाचा रकाना अजून रिकामाही नाही. तो आखलेलाच नाही. तो आखणे हे प्रोग्रामरांचे काम. त्यात काय लिहायचे, कोणत्या रूपात लिहायचे, हे सांगणे मात्र मराठी गद्याची समज असलेल्यांकडे येते, आणि आजवर त्यांनी हे लेखन वाचण्याजोगे मानलेले नाही.