अहल्याबाईंची दिनचर्या : माल्कम साहेबांच्या वृत्तांताचें परीक्षण

सर जॉन माल्कम यांनीं १८२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मध्यहिंदुस्थानच्या वृत्तांतांत अहल्याबाई होळकर यांची दिनचर्या दिली आहे. पहांटेपूर्वीं उठणें, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, भोजन, अल्प विश्रांति. दोनपासून सहापर्यंत दरबार. पुनः पूजा व फराळ. नंतर नऊपासून अकरापर्यंत कारभार. अनेक चरित्रकारांनीं हा उतारा जशाचा तसा उचलला आहे.

बाईंचें देहावसान १७९५ चें. माल्कम साहेब माळव्यांत चौकशी करूं लागले ते १८१८ पासून. अर्थात् ही दिनचर्या लोकांच्या आठवणींतून उतरलेली होय. शाळेच्या वेळापत्रकासारखी ती नेमकी आहे, आणि (अशीं वेळापत्रकें आम्हीं जन्मभर आखलीं) प्रत्यक्ष दिवस तसा जात नसतो. तींत देवास तास आहेत, दौलतीस आहेत. मुलीस व नातवास एकही नाहीं. वस्तुतः मुक्ताबाई १७९१ मध्यें महेश्वरीं सती गेली, मातेची विनवणी व्यर्थ झाली व तीन दिवस तिनें फारसें अन्न घेतलें नाहीं, हेंही याच ग्रंथकारानें सांगितलें आहे. परंतु तें दुःखाच्या प्रकरणांत. कारभाराशीं त्याची गांठ कोणीच घातली नाहीं.

आमच्या मतें खरा दोष येथेंच आहे. घर व दौलत हीं त्या काळीं दोन नव्हतीं. बाईंच्या सासू गौतमाबाई यांस १७३४ मध्येंच खासगीची स्वतंत्र जहागीर मिळाली होती. मल्हाररावांनीं १७६५ मध्यें सुनेस धाडलेल्या पत्रांत तोफा घेऊन ग्वाल्हेरीस जाण्याची व दारूगोळ्याच्या तजविजीची आज्ञा आहे. ती विधवा सून होती, आणि तिचा पुत्र मालेराव तेव्हां हयात होता. सासऱ्यानें घरांतच तिला राज्यकारभार शिकविला. मालेराव १७६७ मध्यें वारल्यावर फौज तुकोजींकडे व खजिना बाईंकडे, अशी वांटणी झाली. म्हणूनच त्यांना महेश्वरीं राहतां आलें. ही व्यवस्था सुखाची मात्र नव्हती. तुकोजींची पैशाची मागणी सरत नसे.

हें सोडून चरित्रकार पुण्यशीलतेचा गौरव करितात. महादजी शिंद्यांनीं घर व मोहीम कशी सांभाळली, असें त्यांच्या चरित्रांत कोणी विचारीत नाहीं. बाईंविषयीं विचारावयाचें तर उत्तर कागदांत शोधावें. १७९१ च्या अखेरीस महेश्वरांतून कोणाकोणास पत्रें गेलीं व त्या दिवसांत दरबार भरला कीं नाहीं, याची तारीखवार यादी पुढील चरित्रकारानें प्रथम करावी.