आर्तुसीचे पाकशास्त्र आणि आमचा सांबार

गेल्या दिवाळीला पुण्याची भाचरे पातूरला आली. चकल्या, शेव, अनारसे असे फराळाचे ताट समोर ठेवले, तर धाकट्याने विचारले, “मामा, पास्ता नाही का?” पातूरच्या बाजारातही आता पास्त्याची पाकिटे मिळतात. तेव्हा तोही झाला. माझ्या आईने एक घास खाल्ला आणि निकाल दिला, “ह्या त शेवयाच हायेत न बाप्पा, नुसत्या जाड्या!”

आईचा निकाल मला पटला. पण एक प्रश्न उरला. शेवया तर आमच्याही आहेत. मग जगाला भुरळ इटलीच्या शेवयांचीच का पडावी? त्या प्रश्नाच्या मागे लागून मी एक पुस्तक वाचले. माझे इंग्रजी शब्दकोशाची काठी टेकत चालते. त्यामुळे भाषांतर संपवायला दोन महिने लागले. पुस्तकाचे मूळ नाव ‘ला शिएन्त्सा इन कुचिना ए लार्ते दि मांजार बेने’, म्हणजे स्वयंपाकघरातले शास्त्र आणि चांगले खाण्याची कला. नाव मोठ्याने म्हणून पाहा. इटालियन शब्द बहुधा स्वरावर संपतात. जीभ कुठे अडखळत नाही.

लेखक पेल्लेग्रीनो आर्तुसी. जन्म 1820 चा, फोर्लिम्पोपोली नावाच्या लहानशा गावातला. पुढे तो फ्लोरेन्सला स्थायिक झाला. धंदा व्यापाराचा, हौस साहित्याची. एकही प्रकाशक उभा करीना, तेव्हा 1891 साली त्याने स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापले. त्याच्या गावच्या धर्मादाय सोडतीत ज्यांना त्याच्या दोन प्रती लागल्या, त्यांनी टिंगल करीत त्या तंबाखूच्या दुकानदाराला विकल्या! हे सारे त्यानेच प्रस्तावनेत सांगितले आहे. पहिल्या आवृत्तीत 475 पाककृती होत्या. 1911 मध्ये तो वारला, तोवर चौदा आवृत्त्या निघून त्या 790 झाल्या. या वाढीत वाचकांच्या, विशेषतः गृहिणींच्या पत्रांचा मोठा वाटा होता.

हे पुस्तक नुसत्या पाककृतींचे नव्हे, गप्पांचे आहे. मिनेस्त्रोने म्हणजे भाज्यांचे दाट सार. त्याची कृती सांगण्याआधी आर्तुसी 1855 सालची गोष्ट सांगतो. लिव्होर्नो शहरात तो एका खाणावळीत हे सार जेवला आणि दोमेनिची नावाच्या गृहस्थाच्या घरी मुक्कामाला गेला. रात्रभर पोटाने छळले. त्याने साऱ्याला शिव्या घातल्या आणि सकाळी फ्लोरेन्स गाठले. मागून बातमी आली की लिव्होर्नोत कॉलरा पसरला आणि दोमेनिची त्यात दगावला. सारावर उगीच आळ घेतला, याची जणू भरपाई म्हणून तो ते कसे करावे हे सांगू लागतो. टोमॅटोच्या रश्शाआधी असाच एक पाद्री भेटतो. हे महाशय गावातल्या प्रत्येक घरात नाक खुपसत. म्हणून लोकांनी त्यांना ‘दोन पोमोदोरो’, म्हणजे टोमॅटोमहाराज, असे नाव ठेवले. टोमॅटोही सगळीकडे असतातच ना!

या गप्पांमागे एक मोठी घटना घडत होती. 1861 मध्ये इटलीचे राज्य एक झाले, तेव्हा प्रमाण इटालियन बोलणारी माणसे शंभरात दहाच्या आतच होती, असे अभ्यासक मानतात. बाकीचे आपापल्या बोलीत बोलत. पदार्थांनाही गावोगाव वेगळी नावे. आर्तुसीने टस्कनीच्या सोप्या भाषेत सारे लिहिले आणि जे शब्द परगावच्या वाचकाला अडतील, त्यांचे अर्थ पुस्तकाच्या आरंभी दिले. पदार्थाचे गाव मात्र पुसले नाही. रिसोत्तो मिलानच्या पद्धतीचा, काप्पेलेत्ती रोमान्याच्या रीतीचे. पिएरो काम्पोरेसी या विद्वानाने 1970 च्या आवृत्तीत म्हटले की, देश एक करण्यात या पाकशास्त्राने मान्झोनीच्या थोर कादंबरीहूनही जास्त काम केले.

त्याच 1970 साली मराठीत कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले. चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईंनी वाटी-चमच्याचे माप देऊन नव्या सुनांची भीती घालवली. आर्तुसी बोलत बसतो, कमलाबाई थेट कामाला लावतात. आमच्या घरची प्रत हळदीने पिवळी झाली आहे. पाकशास्त्राला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? पण त्यातली मराठी पश्चिम महाराष्ट्रातल्या पांढरपेशा घराची आहे. हा त्यांचा दोष नव्हे. त्यांनी आपले घर प्रामाणिकपणे मांडले. प्रश्न आम्हां वऱ्हाडकरांचा आहे. आम्ही आपले का मांडले नाही?

उत्तर द्यायला मला माझ्याच लाल शाईपाशी जावे लागते. काही वर्षांपूर्वी एका मुलीने निबंधात लिहिले होते, ‘माय भाजीवर सांबार टाकते.’ आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी तो शब्द खोडून वर ‘कोथिंबीर’ लिहिले. ‘माय’ खोडून ‘आई’ केली. ‘भाकर’ला वेलांटी जोडली. पुढच्या निबंधात तिने एकच ओळ लिहिली, ‘माझी आई स्वयंपाक करते.’ व्याकरणाची चूक एकही नव्हती. आणि स्वयंपाकही नव्हता.

कादंबरीकार म्हणूनही मी तेच केले. माझ्या कादंबरीतली वऱ्हाडी शेतकरीण कोथिंबीर निवडते, बटाटा चिरते. आमच्या शिवारात मात्र सांबार आणि आलूच. माझी आजी टोमॅटोला भेदरं म्हणे. ते माझ्या एकाही पानावर नाही.

आणि लाज कोणत्या भूमीला वाटावी? मराठीचा आद्य गद्यग्रंथ, म्हाइंभटांचा ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झाला. पुढल्याच पिढीत दान्तेने फ्लोरेन्सच्या बोलीत काव्य रचले. ती बोली सगळ्या इटलीचे प्रमाण झाली. आमचा ग्रंथ सांकेतिक लिपीत शतकानुशतके बंद राहिला, प्रमाण भाषा दुसरीकडे घडली, आणि आम्ही ‘बोली’वाले ठरलो.

आर्तुसीलाही सूट देऊ नये. त्याच्या पुस्तकात दक्षिण इटलीला थोडी जागा आहे, आणि टस्कनीच्या शब्दांपुढे कितीक गावांचे शब्द मागे पडले. तरी त्याची एक रीत घेण्याजोगी आहे: शब्द खोडायचा नाही, त्याचा अर्थ द्यायचा. इटलीच्या शेवयांची भुरळ मला तिथे दिसते. त्यांच्यामागे न लाजता बोलणारे घर उभे आहे. आमचे रोडगे गोवऱ्यांच्या आरावर तितकेच खमंग भाजतात; त्यांच्यामागचे घर मात्र मास्तर येताच गप्प होते.

यंदा सुटीसाठी निबंधाचा विषय दिला आहे, ‘आमच्या घरचा पदार्थ.’ अट एकच: घरचा शब्द घरचाच ठेवायचा आणि शेवटी त्याचा अर्थ लिहायचा. त्या मुलीची वही आता माझ्याकडे येणार नाही. ती केव्हाच शाळा सोडून गेली. पण तिची धाकटी बहीण याच वर्गात आहे. दिवाळीनंतर वह्या येतील, तेव्हा लाल दौत बाजूला ठेवून वाचीन म्हणतो.