सोसेकीची सायकल : परदेशातील शीण आणि विसावा

परदेशी राहून विद्याभ्यास करणाऱ्या माणसाच्या शिणाकडे आपल्या चरित्रकारांनी आणि टीकाकारांनी म्हणावे तितक्या गांभीर्याने पाहिलेले नाही. त्याची नोंद होते ती बहुधा पुढील यशाची किंमत म्हणून. किंमत एकदा चुकती झाली आणि ग्रंथ हाती पडला, की मग ती योग्य होती की अयोग्य याची चौकशी करावयाची नाही, असा जणू संकेतच पडून गेला आहे. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी (1867-1916) याच्या बाबतीत हा संकेत कितपत टिकतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. विवेचनाचा आधार इंग्रजी अनुवादांचा आहे. म्हणून भाषाशैलीच्या बारकाव्यांत न शिरता रचना आणि आशय यांपुरतेच बोलणे इष्ट होय.

कुमामोतो येथील उच्च विद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या सोसेकीला जपानी शिक्षण मंत्रालयाने सालीना 1800 येन देऊन लंडनला धाडले. 28 ऑक्टोबर 1900 रोजी तो तेथे पोहोचला आणि डिसेंबर 1902 मध्ये परत निघाला. या दोन वर्षांत त्याने पाच बिऱ्हाडे बदलली. युनिव्हर्सिटी कॉलेजातील व्याख्याने त्याने थोड्याच दिवसांत सोडली. शेक्सपिअरचे संपादक क्रेग यांच्याकडची शिकवणीही पुढे बंद झाली. पैसा पुस्तकांत जाई, माणसांत मिसळण्यास उरत नसे. शेवटी क्लॅपहॅम भागातील बिऱ्हाडी, वरच्या मजल्यावरील खोलीत, ‘साहित्य म्हणजे काय’ या एका प्रश्नाचा छडा लावण्यासाठी त्याने स्वतःला कोंडून घेतले. साहित्याचे ग्रंथ त्याने ट्रंकेच्या तळाशी टाकले आणि मानसशास्त्र-समाजशास्त्राचे ग्रंथ वाचून बारीक अक्षरांत टिपणे काढली. त्यांचा ढीग सहा-सात इंच उंच झाला, असे तो स्वतःच सांगतो. 1902 साली त्याची प्रकृती इतकी ढासळली, की त्याला वेड लागल्याची वार्ता टोकियोपर्यंत गेली.

या टिपणांतून सिद्ध झालेला ‘साहित्यविचार’ (‘बुन्गाकुरोन’) 1907 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत सोसेकी लंडनमधील दोन वर्षांना आयुष्यातील अत्यंत अप्रिय वर्षे म्हणतो. आणि शेवटी, आपल्या मज्जादौर्बल्यामुळे व वेडामुळेच आपल्या हातून ‘मी एक मांजर’सारखी पुस्तके लिहून झाली, तेव्हा त्या दोहोंचे आपण ऋणी आहोत, असा शेरा मारतो. हा शेरा शब्दशः घ्यावयाचा नाही, हे त्यातील तिरकसपणावरून सहज ध्यानात यावे. तथापि तो शब्दशः घेतला जातो, आणि त्यातून शीण हे प्रतिभेचे खतपाणी असल्याचा सिद्धान्त निघतो. या सिद्धान्ताने संशोधक विद्यार्थ्यांचे पिढ्यान्‌पिढ्या नुकसान केले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

वस्तुतः ज्या श्रमाने सोसेकी आजारी पडला त्याचे थेट फळ ‘मांजर’ नव्हे, ‘साहित्यविचार’ होय; आणि त्या ग्रंथाविषयी 1914 सालच्या ‘माझा व्यक्तिवाद’ या व्याख्यानात त्याने काय म्हटले? पूर्ण होण्यापूर्वीच भूकंपाने कोसळलेल्या नगराच्या अवशेषांची उपमा त्याने त्या ग्रंथाला दिली. ग्रंथकर्त्याचा निर्णय अखेरचा मानण्याचे कारण नाही. आज त्या ग्रंथाकडे अभ्यासक पुन्हा आदराने वळले आहेत. परंतु किंमत आणि माल यांचा हिशेब ज्यांना मांडावयाचा आहे, त्यांनी तो निदान योग्य खात्यावर मांडावा.

‘मांजर’ची वंशावळ निराळी आहे, आणि ती ‘सायकल-दैनंदिनी’ या छोट्या लेखात सापडते. हा लेख 1903 साली ‘होतोतोगिसु’ या मासिकात आला. 1905 च्या जानेवारीत ‘मांजर’चे पहिले प्रकरण आले तेही तेथेच. विद्वान माणसाची फजिती त्याच्याच तोंडून, भारदस्त भाषेत सांगण्याची तऱ्हा दोहोंत एकच आहे. लेखाचा विषय साधा आहे. 1902 चा शरद ऋतू. महिना विसरलेला, तारीख विसरलेली. लेखक खिडकीत पांढरे निशाण फडकावून घरमालकिणीला शरण जातो; ती वर येते आणि आज्ञा करते : सायकल शिका. पुढे साऱ्या लेखभर तो पडतो. मोठी पतने पाच, लहानांची गणती नाही. भिंतीवर आपटून नडगी सोलते, झाडावर आदळून नख निघते. आणि अखेर विद्या साधत नाही ती नाहीच.

येथे थोडे थांबावयास हवे. सरकारी आज्ञेने ज्याच्यावर यशस्वी होण्याची सक्ती केली, त्याला दोन वर्षांत प्रथमच अशी एक गोष्ट करावयास मिळाली जीत अपयश आले तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. मंत्रालयाला त्याचा अहवाल जाणार नव्हता. व्यायामाने प्रकृती सुधारली, म्हणून पुढे लेखन झाले, असे म्हणणे मात्र पुन्हा त्याच हिशेबाच्या नादी लागणे होय. कारण मायदेशी परतल्यावर 1903 सालीच त्याचे दुखणे उलटले आणि पुढे आयुष्यभर त्याने पिच्छा सोडला नाही. सायकलीने त्याला बरे केले नाही. तिने त्याला स्वतःकडे पाहून हसता येण्याइतके अंतर दिले, एवढेच म्हणता येईल.

त्याच ऑक्टोबरात तो स्कॉटलंडमधील पिट्‌लॉख्री येथे एका गृहस्थाकडे पाहुणा म्हणून राहिला. 1909 सालच्या स्फुटांपैकी एकात त्या दरीचे वर्णन आहे. त्यात काही म्हणजे काही घडत नाही. ऊन पडले आहे, यजमान जुन्या लढाईची हकीकत सांगतो आहे, पाहुणा ऐकतो आहे. टिपण कोणी काढीत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला यात आणखी एक गोष्ट जाणवते. त्या वर्षी पत्नीला लिहिताना सोसेकीजवळ ‘शिन्केइ-सुइजाकु’ हा शब्द होता. बेअर्ड या अमेरिकन वैद्याने 1869 पासून रूढ केलेल्या ‘न्यूरॅस्थेनिया’चा तो जपानी प्रतिशब्द. प्रस्तुत लेखकाने प्रबंधासाठी परदेशात काही वर्षे काढली, तेव्हा आईला लिहावयाच्या पत्रात असा शब्द सापडला नाही. ‘दमलो’ म्हणावे तर आई लिहिणार, झोप. ‘कंटाळलो’ म्हणण्यात आपलाच दोष. ‘खचलो’ म्हणावे तर घरी हलकल्लोळ. मग ‘काम जोरात चालू आहे’ असे लिहिले जाई. 1974 साली फ्रॉइडेनबर्गरने ‘बर्नआउट’ ही संज्ञा शास्त्रीय चर्चेत आणली. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्या वर्गीकरणात घेताना रोग म्हणून नव्हे, कामाशी निगडित घटित म्हणून नोंदली. आपली मुले आता घरी तोच शब्द लिहितात. लिहोत बापडी, शब्द आहे हेच पुष्कळ झाले.

विसाव्याच्या बाजूला मात्र मराठी श्रीमंत आहे. ‘रजा’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ संमती; म्हणजे ती दुसऱ्याने द्यावयाची. ‘सुट्टी’त सुटणे आहे, म्हणजे आधी बांधलेले असणे आले. ‘विश्रांती’त आणि तिच्याच कुळातील ‘विसाव्या’त ‘श्रम्’ धातू दडलेला आहे. सोसेकीला लंडनमध्ये रजा नव्हती, कारण त्याचे तेथे असणे हीच आज्ञा होती. आणि विश्रांती घ्यावी तर श्रम संपावयास हवेत, ते संपत नव्हते. ‘सायकल-दैनंदिनी’चा मराठी अनुवाद करणाऱ्याला आरंभीच एक अडचण पडेल. वीस कान, म्हणजे पंचाहत्तर किलो वजनाची ती घरमालकीण आज्ञा करण्यासाठी बेचाळीस पायऱ्या चढून येते आणि वाटेत दोनदा थांबते. संपूर्ण लेखात विनासायास थांबणारे माणूस ते एवढेच, आणि तिकडे टीकाकारांचे लक्ष गेल्याचे दिसत नाही. तिच्या थांबण्याला विश्रांती म्हणणे जड होईल, विसावा म्हणणे काव्यमय. ती जिन्यात दम खाते.