अवतार दहा, सातबारा कुणाचा?

‘दशावतार’ हा मराठी सिनेमा १२ सप्टेंबर २०२५ ला आला आणि आपल्या सिंधुदुर्गात बाजारापासून बंदरापर्यंत त्याच्याच गोष्टी सुरू झाल्या. आपल्या वाडीतल्या पोरांनीही तो पाहिला. काहींनी दोनदा पाहिला. मस्त आहे म्हणाले. मस्त आहेच. पण तो का आवडतो आणि कुठे गंडवतो, हे आपण आपल्यात बोललं पाहिजे. ब्राह्मणी सिनेमा म्हणून शिक्का मारून मोकळं होणं सोपं आहे. त्याने आपल्या पोराला काय कळणार? तो पुन्हा तिकीट काढणारच.

आधी आवडण्याचं बोलू. बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी नट. नजर अधू होत चाललेली, पण रंग लावायचं सुटत नाही. त्याचा मुलगा माधव खाणीच्या कंपनीत लागतो, तिथलं काळंबेरं त्याच्या नजरेस येतं आणि त्याचा जीव जातो. मग बाप अवताराचं सोंग घेऊन एकेकाचा हिशेब करतो. बाबुली झालेत दिलीप प्रभावळकर. सिनेमा आला तेव्हा वय ८१. सोबत महेश मांजरेकर, भरत जाधव, विजय केंकरे, रवी काळे, सगळे मुरलेले लोक. दिग्दर्शक सुबोध खानोलकर. संवाद गुरू ठाकूर यांचे.

म्हातारा माणूस पडद्यावर धावतो, झुंजतो, तेव्हा आपल्याला का बरं वाटतं? आम्ही गिरणीत पाळी करणारी माणसं. आमच्या आज्यांची, बापांची अंगं पन्नाशीतच मोडलेली आम्ही पाहिली. मोडलेल्या अंगाचा माणूस उठून उभा राहतो, हे बघताना आत काहीतरी हलतं. त्यात त्याच्या तोंडी मालवणी. एरवी सिनेमात मालवणी म्हणजे हसण्यापुरता गडी किंवा दारुडा. इथे मालवणी बोलणारा माणूस रडतो, रागावतो, कुणाच्या तरी छातीवर पाय देतो. ही भूक खरी आहे. तिला कुणी हसू नये.

पण जुन्या नटांचा मेळा जमवून मारामारीचा सिनेमा करायचा, ही युक्ती आजची नाही. १९८६ साली सुभाष घईंनी ‘कर्मा’ काढला. दिलीपकुमार तेव्हा ६३ वर्षांचे. ते जेलर राणा, आणि हाताशी तीन कैदी : जॅकी श्रॉफ, अनिल कपूर, नसीरुद्दीन शहा. समोर अनुपम खेरचा डॉक्टर डँग. एक थप्पड आणि तिची परतफेड यावर अख्खा सिनेमा उभा. त्याच्या अकरा वर्षं आधीचा ‘शोले’ घ्या. न्याय कुणाला हवा? ठाकूरला. लढणार कोण? भाड्याने आणलेले दोन भुरटे. रामगढची माणसं काय करतात? बघतात. त्या गावात मेलेलं जनावर कोण ओढतं, कुणाची विहीर वेगळी, हे तीन तासांत एकदाही दिसत नाही.

अशा सिनेमाचं गणित साधं असतं. नटाची पन्नास वर्षांची पुण्याई आधीच आपल्या डोळ्यात असते, म्हणून लेखकाला पात्र उभं करायची मेहनत पडत नाही. चेहरा दिसला की टाळी. नावाजलेल्या प्रत्येकाला त्याचा वाटा द्यावा लागतो, मग गोष्ट तुकड्यातुकड्यांनी चालते. ‘दशावतार’चं उत्तरार्धात हेच होतं. आधी बापलेकाची माया सावकाश, छान रंगते. नंतर एक मेला, दुसरा मेला, पुढचा कधी, एवढंच उरतं. खाणवाले इतके काळेकुट्ट रंगवलेत की ते माणसं वाटतच नाहीत. खरा खाणवाला पांढऱ्या कपड्यात येतो, देवळाला देणगी देतो, पोराला नोकरी देतो. त्याला ओळखायला हा सिनेमा आपल्याला काही शिकवत नाही. आणि बायका? त्या वाट बघतात नि रडतात. शेतात, कामावर राबणारी आपली आई त्यात कुठे आहे?

आता मुद्द्याचं. बाप न्याय करतो तो माणूस म्हणून नाही. अवतार म्हणून करतो. इथे दोस्तहो, जरा थांबा. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, त्यात त्यांनी मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेक अवतार घेऊन त्याचं सोंग उतरवलं. मत्स्य, कच्छ, वराह म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या टोळ्यांचे म्होरके, वामनाने बुडवला तो आपला बळीराजा, असा त्यांचा अर्थ. तो इतिहास म्हणून कुणाला पटो न पटो, पण प्रश्न पक्का आहे : अवतार येतो तेव्हा मरतो कोण? आणि त्याच दहाच्या यादीत नववा म्हणून बुद्धाला नेऊन बसवतात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी हेच सांगते की बुद्ध हा विष्णूचा अवतार ही गोष्ट खोटी आणि खोडसाळ आहे. ज्याने ही प्रतिज्ञा घेतली, त्याने अवताराच्या हातून न्याय मागायचा कसा?

दशावताराच्या रात्रीचाही एक भाग ध्यानात घ्या. देवळासमोर खेळ रंगतो, मृदंग, पेटी, झांज वाजते. देव बोलतात पुस्तकी मराठी. आणि संकासुर येतो तो काळ्या बुरख्यात, मालवणीत बोलतो, भटाची टिंगल करतो, लोकांना पोट धरून हसवतो. त्याचा गुन्हा काय? त्याने वेद पळवले. म्हणून विष्णूच्या हातून मरायचं. ज्याला लिहिणं-वाचणं बंद, त्याने पोथी पळवली तर तो असुर! रात्रभर आपली माणसं ज्याच्यावर जीव लावतात, तोच मरतो आणि आपण टाळ्या वाजवतो. सिनेमाला खरा नायक हवा होता तर तो इथे होता. त्यांनी देव निवडले.

मग खाण. हा विषय काढला याबद्दल सिनेमावाल्यांना मान दिला पाहिजे, कारण तो आपल्या दारातला आहे. वेंगुर्ल्यात रेडीची खाण, दोडामार्गात कळण्याची. २०२१ च्या जुलैत कळण्याच्या खाणीचा बांध फुटला, लाल चिखलाचं पाणी लोकांच्या घरांत, बागायतीत घुसलं. माधव गाडगीळ समितीने २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला, त्यात या पट्ट्यात नव्या खाणी नकोत असं सांगितलं होतं. हे सगळं कागदावर आहे. तिथे कुठला नरसिंह खांब फोडून बाहेर आला नाही. सभा घ्याव्या लागल्या, अर्ज करावे लागले, पोलिसांच्या गाडीसमोर बसावं लागलं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात पार्श्वसंगीत नाही. म्हणून सिनेमात ते येत नाही.

आणि ‘आपला डोंगर, आपली माती’ असं पडद्यावर म्हणतात तेव्हा विचारा, आपली म्हणजे कुणाची? परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण वसवलं ही गोष्ट पोराटोराला पाठ. म्हणजे जमीन मुळातच देवाने दिलेली, कुणाला दिली ते विचारायचं नाही! याच कोकणात खोताच्या जमिनीत पिढ्या राबल्या. ती खोती मोडायला बाबासाहेबांनी १९३७ साली कायदेमंडळात बिल आणलं, १० जानेवारी १९३८ ला मुंबईत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. आजही डोंगर विकला जातो तेव्हा सातबारावर ज्याचं नाव त्याला पैसे. ज्याचं नाव नाही त्याची मजुरी जाते, पाण्याचा झरा आटतो, आणि त्याला कुणी विचारत नाही. बौद्धवाडीत विचारून या, किती जणांच्या नावावर किती गुंठे आहेत. सिनेमाने हा प्रश्न वाटेत गाडून टाकला आणि वर रंगपूजा मांडली.

अण्णाभाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ही हत्यार उचलतो. पण त्याच्या पाठीशी उपाशी मांगवाडा आहे, तो लुटतो ते त्या भुकेसाठी. बाबुलीच्या मागे वाडी नाही. तो एकटा मारतो, आपण एकटे खुर्चीत बसून सूड घेतल्याचं समाधान घेतो आणि घरी येतो. राग तिथेच खर्ची पडतो. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला जायला तो उरत नाही.

म्हणून सिनेमा बघू नका असं मी म्हणणार नाही. बघा. प्रभावळकरांच्या ८१ वर्षांच्या अंगातली मेहनत बघा, ती नटाची कमाई आहे, तिला सलाम. पण पुढचं काम आपलं. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साज घेतला, त्यातला गण-गवळणीचा देव बाजूला केला आणि तिथे बाबासाहेबांचा विचार उभा केला. मृदंग आपल्यालाही वाजवता येतो. येत्या १४ एप्रिलला मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या मंडळांनी आपला एक तासाचा खेळ बसवावा. त्यात संकासुर मरणार नाही. तो पळवलेली पोथी उघडून मोठ्याने वाचेल, आणि मग तलाठ्याकडे जाऊन वाडीचा सातबारा मागेल.