गार्सिया द ओर्ताचे ‘संवाद’ व गोव्यातील वैद्यांची परीक्षा

गोव्यात १५६३ साली छापलेला गार्सिया द ओर्ता याचा औषधिविषयक संवादग्रंथ आमच्याकडे बहुधा मार्कहॅमच्या १९१३ च्या इंग्रजी भाषांतरावरूनच वाचला जातो. त्यातील एखादे वाक्य उचलून ‘फिरंग्यांनी आमचे वैद्यक मानले’ असा निर्वाळा देणे सोपे आहे. परंतु मूळ साधनाची योग्यता किती, हे प्रथम ठरविले पाहिजे.

ओर्ता १५३४ साली हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. या राजघराण्याचे मूळ फिरिस्ता पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांत दाखवितो; यास्तव परभणीकरांस तरी हा ग्रंथ परका नव्हे. ओर्ताचा मोठा गुण म्हणजे कान. पटकीस तो ‘मोर्शी’ म्हणतो. ही उघडच आमची ‘मोडशी’. पुढे युरोपियनांनी याच शब्दाचे ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे फ्रेंच रूप बनविले, ही गंमत निराळी.

मात्र कान जेथे संपतो तेथे ग्रंथ लंगडा पडतो. अरबी नावे व इब्न सीनाचे मत त्यास अवगत. संस्कृताचा परिचय दिसत नाही. निशोत्तराच्या प्रकरणी मालुपा नामक देशी वैद्यास तो बोलता करतो खरा, पण देशी वैद्य अनुभव व वहिवाट यांवरच चालतात, असे त्याचे मत. चरक-सुश्रुत ज्यांच्या परंपरेत, त्यांस ग्रंथच नाहीत असा अर्थ यावरून काढणे म्हणजे साक्षीदाराचे अज्ञान प्रमाण मानणे होय.

हा दोष केवळ पांडित्याचा नाही. १५६७ च्या गोव्यातील धर्मसभेने ख्रिस्त्यांनी अन्यधर्मी वैद्यांकडे जाऊ नये असे ठरविले. तथापि १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यात राहिलेला लिन्सखोटेन सांगतो की, खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप व पाद्री यांचा भरवसा हिंदू वैद्यांवरच अधिक. अखेर १६१८ साली नगरसभेने हिंदू वैद्यांची संख्या ३० वर मर्यादित केली व मुख्य वैद्यापुढे परीक्षा लावली. आदल्याच वर्षी, १६१७ त, लंडनमध्ये अपोथेकरी किराणा व्यापाऱ्यांच्या संघातून राजाज्ञेने वेगळे झाले. त्यांचा डॉक्टरांशी तंटा पुढे १७०४ पर्यंत चालला व उमरावसभेत अपोथेकऱ्यांच्या बाजूने सुटला. परंतु तेथे दोन्ही पक्षांची विद्या एकच होती. गोव्यात परीक्षकास परीक्ष्याचे शास्त्रच ठाऊक नव्हते. तेव्हा ती परीक्षा हस्तकौशल्याची व वर्तनाची असावी, विद्येची नसावी, असे माझे अनुमान आहे. खुद्द ओर्ताही राज्यकर्त्यांच्या परीक्षेतून सुटला नाही: मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मन्यायसभेने त्याच्या अस्थी उकरून जाळविल्या.

या अनुमानास आधार वा बाध जुन्या वैद्यघराण्यांच्या बाडांतूनच मिळेल. संग्राहक पोथी उचलतात आणि सुटे कागद टाकून देतात. वास्तविक काढ्यांच्या याद्या, मालकाचे नाव व मिती बहुधा त्यांवरच असतात. पाथरी-मानवतकडील एखाद्या बाडात मोडशीवरील जुना काढा मितीसह सापडला, तर तो ओर्ताने दिलेल्या उपचाराशी ताडून पाहता येईल.